अनुभव धागा : पन्नाशीत खांबावर (पोल डान्स, मल्लखांब, झोका, काहीही चालेल)

टिळकवाडीची_मावशी

परवा बेळगावात शिवजयंतीचे चित्ररथ बघायला उभी होते. एका ट्रॉलीवर मल्लखांब रोवलेला, पोरं सपासप वर जात होती. मधेच एक बारकी पोरगी चढली आणि वर जाऊन ताठ आडवी झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुणाची गं ही, पडंल बिडंल!" मला आमच्या शाळेमागची व्यायामशाळा आठवली. भाऊ रोज जायचा. एरंडेलाची बाटली घरी विसरला की मी पोचवायची आणि दारात उभी राहून बघायची. पोरींनी आत यायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नाही.

आता मुद्द्याचं. मी ५४ ची, आणि दिवाळीच्या आधीपासून पोल डान्स शिकतेय. होय, तोच. लेक बेंगळूरला असते. ती क्लासला निघाली तेव्हा म्हणाली, येतीस काय बघायला? गेले, तर तिथल्या बाईंनी सरळ पोलला हात लावायला लावला. पोलभोवती नुसतं चालायचं, आतला हात वर धरून, मग अंग बाहेर झुकवून एक गिरकी. बाई आपल्या "निधान री, निधान" (हळू हो, हळू) करत होत्या. दिसायला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वेणी घालायला लेकीला बोलवावं लागलं, हात डोक्याच्या वर जाईचनात.

कपड्यांबद्दल विचारणारच तुम्ही, म्हणून आधीच सांगते. पकड कातडीची असते. सलवार घालून स्टीलच्या नळीवर चढून बघा, सरळ खाली याल. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची खोबण, काख, इथली उघडी कातडी नळीला धरते म्हणून माणूस वर राहतो. मल्लखांबवाले लंगोटावर असतात, त्यांना कोण काय म्हणतंय? आणि त्या दिवशी अंगाला तेल नाही, क्रीम नाही. आईनं लावलेली आंघोळीआधीच्या तेलाची सवय क्लासच्या दिवशी बंद.

आता घरी वरच्या खोलीत पोल बसवलाय, लेक व्हिडिओवर शिकवते. फायरमन स्पिन (पोल धरून गोल फिरत खाली यायचं) येतो, चढता येतं, वर मांड्या आवळून बसलं की हात सोडता येतात. उलटं होता येत नाही अजून. मांड्यांवर निळे डाग कायमचे मुक्कामाला. ते बघून ह्यांनी आधी रक्त तपासायला नेलं मला!

तुमच्यात कुणी उशिरानं असलं काय सुरू केलंय? लिहा.

खडेबाजार_खबर

फोटो टाका की मावशी

टिळकवाडीची_मावशी

नाही टाकणार. इथं माझी नणंद आहे.

शांत_वाचक_अनगोळ

आहे. वाचतेय. वैनी, वरच्या खोलीत योगा करतेस म्हणाली होतीस ना?

वडगावची_वैनी

मेले हसून!! भाकरी करपली माझी

शहापूर_तालीम

मी जुना मल्लखांबवाला, वय ५८. ताईंनी एरंडेलाचं काढलं म्हणून लिहितो. आमचा खांब सागाचा नाहीतर शिसवीचा, बुंध्याशी घेर ५५ सेंमीच्या आसपास, वर निमुळता होत मान आणि शेवटी बोंड. त्याला एरंडेल चोळायचं, नाहीतर अढी (पायांची पकड) मारून फिरताना मांडीचं सालटं निघतं. तुमचं उलटं, तेलाचा थेंब लागला तर घसरगुंडी. स्पर्धेतला पोल ४५ मिमीचा असतो असं वाचलंय. म्हणजे घेर १४ सेंमी, मुठीत मावतो. आम्हाला मिठी मारायला लागते. म्हणून आमचा सगळा भार मांड्यांवर, तुमचा मनगट-कोपरावर. पन्नाशीनंतर कोपर आधी बोलायला लागतं, तेवढं सांभाळा.

पोरींना पूर्वी बहुतेक ठिकाणी दोरीचाच मल्लखांब द्यायचे. आता खांबावरही असतात. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथं परदेशच्या पोरीसुद्धा होत्या.

आणि हे महाराष्ट्राचं की कर्नाटकाचं असा वाद कुणी इथं काढू नये म्हणून आधीच सांगतो. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब परत उभा केला हे खरं, पण मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहे, आणि तो चालुक्य राजा सोमेश्वराचा. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. दोघांचाही आहे, बसा आता.

सीमावासी

वाद काढणारच होतो, तुम्ही मजा घालवली. सीमाप्रश्नाची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझा आखडलेला खांदा त्याच्याही आधीपासूनचा. दोन्हीला तारीख पे तारीख. पोलनं सुटेल काय?

कॅम्पातली_डॉक्टरीण

@सीमावासी आखडलेल्या खांद्यानं लटकायला जाऊ नका, आधी फिजिओथेरपी. साखर तपासली आहे का? मधुमेहात हे जास्त दिसतं.

बाकीच्यांना सरसकट सांगते, दवाखान्यातून लिहितेय, तुटक वाटेल. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात. स्नायूंवर भार देणारा व्यायाम त्यासाठी चांगला, नुसत्या चालण्यानं दंडाला काही मिळत नाही. पण ताब्यात नसलेला रक्तदाब असेल किंवा काचबिंदू असेल तर डोकं खाली करायचं नाही. डोळ्यातला दाब वाढतो. उलटं न होताही पोलवर पुष्कळ करता येतं. आणि खाली जाड गादी हवीच, सतरंजी नव्हे.

वडगावची_वैनी

डॉक्टर मॅडम तुमची ओपीडी शनिवारी असते काय? सासूबाईंचा गुडघा

कॅम्पातली_डॉक्टरीण

असते, सकाळी. गुडघ्याचा जुना एक्स-रे घेऊन या.

निपाणीची_४७

पोल नाही, पण पंचमीचा झोका सांगतो. आमच्या आज्जीच्या काळात चिंचेला दोर बांधायचे, बायका दोघी दोघी उभ्यानं झोका चढवायच्या, फांदीच्या पाल्याला पाय लागला की खाली हुर्यो. साठीच्या बायका चढायच्या, नऊवारी कासोटा घालून. कुणाला वावगं वाटायचं नाही, कारण सण होता. लग्न झाल्यावर मी एकदाही उभा झोका घेतला नव्हता. गेल्या पंचमीला माहेरी चढलो. पोटात गोळा आला, पण उतरावं वाटंना. माझा लेक खालून "आई उतर, आई उतर" करालता. वहिनी म्हटली, असू दे रे, वर्षाचं साचलंय.

वर्षाचं कुठलं, पंचवीस वर्षांचं.

खानापूरचा_फणस

आमच्याकडं झाडावर चढायला वय बघत नाहीत. आई ६६ ची, अजून फणस उतरवायला स्वतः वर. सांगून ऐकत नाही. तिला पोल दिला तर वरनं खाली येणारच नाही.

अबोली

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. मी ६० ची. हे गेल्यावर मुलाकडे पुण्याला राहिले काही महिने. सुनेनं क्लासला घातलं, घरात बसून राहते म्हणून. सगळ्या विशीतल्या पोरी. शिक्षिका म्हणाली, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा, पोलवर चरे पडतात आणि बोटं अडकतात. सगळ्याजणी काढत बसल्या. माझे हात आधीच मोकळे होते, म्हणून पोलशी सगळ्यांत आधी मी गेले.

फार काही येत नाही मला. पोलला धरून अंग मागे टाकायचं आणि गाणं संपेपर्यंत हळूहळू फिरायचं, तेवढंच आवडतं. फिरता पोल असतो ना, त्याच्यावर. इकडे परत आल्यावर भावकीतल्या एकीनं विचारलं, "या वयात नाचायला कसं सुचतं गं?" मी म्हटलं, झोप लागते त्यानं. ते खरंच आहे.

निपाणीची_४७

अबोलीताई 🙏

टिळकवाडीची_मावशी

अबोली, इकडे असलीस की ये माझ्याकडे. माझा पोल फिरता पण होतो आणि घट्ट पण, खाली चावी आहे. खरंच ये.

शांत_वाचक_अनगोळ

@अबोली त्या भावकीतल्या बाईला आमच्या वैनीच्या मांड्या दाखवू, गप्प बसेल.

बरं, पाटल्या निघत नसतील तर काय करायचं? माझ्या लग्नातल्या आहेत.

वडगावची_वैनी

साबण नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून त्यावरनं. सराफाकडं कापून घेऊ नका, घट धरतात

कॉलेजरोड_पोरगी

आंटी लोक तुम्ही सगळे कमाल आहात!! स्पर्धेत पण तुमच्यासाठी गट असतात, ४०+ आणि ५०+ मास्टर्स. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ २००९ ला निघाला, ऑलिंपिकला मात्र अजून नाही. स्पर्धेत दोन पोल असतात, एक स्थिर एक फिरता, दोन्हीवर करायला लागतं. माझी इंटर्नल उद्या आहे आणि मी हे टाईप करतेय

सुभेदार_निवृत्त

पुरुषांना प्रवेश आहे काय? सर्व्हिसमध्ये दोर चढायचो, पाय न लावता. सर्कशीतले चिनी खांबवाले पुरुषच असायचे, रबर गुंडाळलेला खांब, त्यावरून डोकं खाली करून सुसाट यायचे आणि जमिनीच्या वीतभर वर थांबायचे. ते बघून मी घरच्या जिन्याच्या पाईपवर प्रयोग केला. मिसेसनी पाईपला कुंडी टांगली. विषय बंद.

वडगावची_वैनी

कसली कुंडी, फर्न काय?

सुभेदार_निवृत्त

मनी प्लांट.

गणपतगल्ली_माहेर

वेगळा सूर लावते. मी गोव्यात बहिणीबरोबर केलं थोडे दिवस आणि सोडलं. लाज वगैरे नाही, मला दुखणं झेपत नाही. पायाच्या वरच्या भागावर, घोट्यापाशी, चढताना नळी दाबते तिथं जीव जातो. सगळे म्हणतात सवय होते. झाली नाही. आता पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चालते, मैत्रिणी भेटतात, येताना इडली. छंद दुखलाच पाहिजे असं कुठं आहे?

टिळकवाडीची_मावशी

बरोबर आहे तुमचं. घोट्याचं खरंच वाईट दुखतं, मी पण चढताना तोंडानं काय काय म्हणते ते इथं लिहिता येणार नाही.

माझं आता दुसरंच दुखणं. पाऊस लागला की आमच्या वरच्या खोलीत ओल येते, पोल दमट, हात दमट. स्पिरिटनं पुसते, लिक्विड चॉक लावते, तरी पाच मिनिटांत सटकायला होतं. बेळगावच्या जुलैत काय करायचं?

उद्यमबाग_लेथ

खोलीत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) नाहीतर निदान पंखा चालू आणि दारं बंद. पोल पितळी असला तर दमट हवेत क्रोमपेक्षा पकड बरी म्हणतात, पण काळा पडतो, घासत बसायला लागतं.

आमच्या शॉपमध्ये एक गिऱ्हाईक आलेलं, पोल करून द्या म्हणून. सगळ्यांसाठी लिहितो. दुकानात मिळणारा दीड इंची पाईप बाहेरून ४८.३ मिमी भरतो, ४५ नाही. तीन मिमी जास्त म्हणजे बारक्या हाताची मूठ मिटत नाही. जीआय (जस्त चढवलेला) तर घेऊच नका, खरखरीत. आणि मधे वेल्डिंगचा जोड असलेला पाईप नको, माणसाचा भार आडवा झटका देतो, तिथंच जातो. मी त्यांना तयार पोल घ्या म्हटलं, धंदा सोडून.

नवीन_सभासद

टिळकवाडीत दोन खोल्या भाड्यानं आहेत काय कुठं? फॅमिली आहे, शाकाहारी

खडेबाजार_खबर

पोलसकट पाहिजेत काय

निपाणीची_४७

@उद्यमबाग_लेथ दादा, आमचं घर कौलारू. मधल्या सोप्याला जुनी सागवानी तुळई आहे, चांगली जाडजूड. तिच्याखाली दाबून बसणारा पोल चालंल का? माहेरचा झोका वर्षातनं एकदाच, म्हणून विचारते.

उद्यमबाग_लेथ

दाबून बसणारा पोल वरच्या स्लॅबला रेटून उभा असतो. तुळईला खालून रेटलं तर ती वर उचलते आणि कौलं सरकतात, पावसात बसा मग बादल्या लावून. पीओपीच्या खोट्या छतालाही तेच. खाली चौथऱ्यासकट येणारा सुटा पोल असतो, त्याला छत लागत नाही, जागा मात्र जास्त खातो. सोप्याची लांबी-रुंदी आणि तुळईखालची उंची मोजून टाका, बघतो. जमीन शेणाची की फरशी तेही लिहा.

निपाणीची_४७

शहाबादी फरशी. उंची ह्यांनी आल्यावर मोजतो, टेप त्यांच्या गाडीत आहे.