सिनेमा आणि गाणं, दोन्हीला एकच ॲम्प की दोन? (परभणी)

मोंढ्यातला (परभणी)

राम राम मंडळी. माझं नव्या मोंढ्यात आडत दुकान आहे, घर जवळच. हॉल १४ बाय १८ फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. लेकरांना रविवारी सिनेमा पाहिजे, तोही हेलिकॉप्टरवाला. अण्णांना, म्हणजे वडिलांना, पहाटे पाचला भीमसेनजी नाहीतर नाथराव नेरळकर. आणि आवाज तोच पाहिजे जो गेली तीस वर्षं कानात बसलाय.

तो आवाज येतो अण्णांनी १९९४ ला मुंबईहून आणलेल्या दोन चॅनेलच्या ॲम्पमधून. उचलायला दोन माणसं लागतात. त्याला दोन टॉवर स्पीकर, मागे लिहिलंय ८६ डीबी, ६ ओम. बसायची जागा स्पीकरपासून १० फुटांवर. टीव्हीला ईआर्क आहे, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीने ॲम्पकडे पाठवायची सोय. ॲम्पसाठी बजेट ७० हजार. सेंटर (मधला, संवादाचा) स्पीकर आणि सबवूफर (खालच्या दणक्याचा) नंतर बघू.

मागच्या महिन्यात शहरातल्या एका दुकानात अण्णांना घेऊन गेलो. पोरगं म्हणालं, "जुनं डबडं एक्स्चेंजला द्या, दोन हजार धरतो, हा ११०० वॅटचा रिसीव्हर घ्या." रिसीव्हर म्हणजे सिनेमाचे पुढचे-मागचे सगळे स्पीकर चालवणारं ॲम्प. काचेच्या खोलीत हेलिकॉप्टर फिरवून दाखवलं, अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मग मी मोबाईलमधलं गाणं लावायला सांगितलं. तंबोरा असा वाजला जणू पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी. अण्णा काहीच बोलले नाहीत. चप्पल घालून बाहेर जाऊन उभे राहिले.

आता सांगा, जुनं विकून एकच चांगला रिसीव्हर घेऊ, की दोन्ही ठेवता येतात? स्पीकर मात्र एकच जोडी राहणार, दुसरीला जागा नाही.

आणि एक बारकं विचारायचं होतं. जुन्या ॲम्पच्या पाठीमागे चार भोकांत दोन यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या खोचलेल्या आहेत. त्या कशाच्या, काढल्या तर काही होतं का?

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, एवढ्या उठाठेवीत पडूच नका. एचडीएमआय असलेलं दोन चॅनेलचं ॲम्प घ्या, डेनॉनचं डीआरए-८००एच किंवा विम ॲम्प, आणि पुढे एक सबवूफर. मागचे स्पीकर, छताचे स्पीकर, वायरींचं जंजाळ काहीच नको. मी दोन वर्षं असंच ऐकायलो, मधोमध बसलं की संवाद पडद्यातूनच येतात. रिमोट पण एकच. घरच्यांना तीन रिमोट दिले की सगळी सिस्टीम धूळ खात पडते, हा माझा पहिल्या सिस्टीमचा अनुभव.

सोल्डरवाला (लातूर)

गोदाकाठ म्हणतात ते एकट्यादुकट्याला ठीक. पण सोफ्याच्या टोकाला बसलेल्या लेकराला संवाद त्याच्या बाजूच्या स्पीकरातूनच येणार, त्याला सेंटर लागतोच. आणि अण्णांचं ॲम्प दोन्हीकडे अडगळीतच जातंय.

मी तीस वर्षं ॲम्प दुरुस्त करतोय, जत्रेतल्या आहुजापासून ते डॉक्टर लोकांच्या रिसीव्हरपर्यंत. मोंढाभाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच शेवटच्या दोन ओळींत लिहिलंय. त्या पट्ट्या!

ॲम्पच्या आत दोन ॲम्प असतात. पुढचं प्री, म्हणजे आवाजाची खुंटी, बास-ट्रेबल, सिलेक्टर. मागचं पॉवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि जाड ट्रान्झिस्टर. तुमच्या पट्ट्या प्री-आउट (प्रीमधून आवाज बाहेर पडायचं भोक) आणि मेन-इन (पॉवरमध्ये शिरायचं भोक) जोडतात. त्या काढल्या की ॲम्प दुभंगतं. मग रिसीव्हरच्या पुढच्या डाव्या-उजव्या प्री-आउटमधून साध्या आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या) वायरने मेन-इनमध्ये यायचं. सिनेमाच्या वेळी खुंटी रिसीव्हरची, ताकद अण्णांच्या ॲम्पची. रिसीव्हरला फक्त सेंटर आणि मागचे स्पीकर ओढायचे राहतात, तो गारही राहतो. नव्या ॲम्पवर हीच सोय एचटी बायपास, पॉवर ॲम्प इन, डेनॉनच्या पीएमए-१६००एनईवर एक्स्ट प्री अशा नावांनी असते. लोक तेवढ्यासाठी नवीन ॲम्प घेतात, तुमच्या घरात ती १९९४ पासून पडून आहे.

पट्ट्या काढल्यावर गाणं कसं ऐकायचं? रोज पहाटे अण्णा पट्ट्या खोचत बसणार नाहीत. एक पत्र्याची डबी, सहा आरसीए सॉकेट आणि एक दोन पोल दोन थ्रोचा टॉगल, म्हणजे डावा-उजवा दोन्ही एकदम इकडून तिकडे करणारा खटका, घ्या. एका बाजूला ॲम्पचं स्वतःचं प्री-आउट, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर, मधून मेन-इन. टॉगल वर सिनेमा, खाली अण्णा. मेन-इनच्या दोन्ही तारांना ग्राउंडकडे ४७ के चा एकेक रेझिस्टर लावा, नाहीतर खटका पाडताना स्पीकर फाटकन वाजेल. तरी ॲम्प बंद करूनच खटका पाडायचा. शंभर-दीडशे रुपयांचं सामान.

आता जे अजिबात करू नका ते. एकाच स्पीकरला दोन्ही ॲम्पच्या तारा एकदम जोडायच्या नाहीत, एक बंद असलं तरी नाही. मार्चमध्ये असं एक आलं होतं. चालू ॲम्पने बंद ॲम्पच्या पोटात करंट ढकलला, ५२०० आणि १९४३ नंबरच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या दोन्ही जोड्या गेल्या. मालक म्हणे "एकच वायर तर जोडली". बाजारात त्या नंबरचे डुप्लिकेटच जास्त, खरे शोधण्यात माझे आठ दिवस गेले.

वॅटचं भूत डोक्यातून काढा. ११०० हा आकडा सगळ्या चॅनेलची बेरीज, तीही बहुतेक एका वेळी एकच चॅनेल चालवून, १ किलोहर्ट्झवर, १० टक्के विकृती धरून. पत्रकात "८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल" असं जिथं लिहिलंय तो आकडा वाचा. १०० च्या आत येईल. तेवढा पुरतो. तुमचे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८६ देतात. तीन मीटरवर साडेनऊ कमी, जोडी आणि भिंती मिळून पाचेक परत, म्हणजे ८१-८२ डीबी. ९६ च्या दणक्याला साधारण ३० वॅट. पण १०६ पाहिजे म्हणाल तर ३०० वॅट, कारण दर १० डीबीला ताकद दहापट. तो शेवटचा दणका सबवूफरवर सोपवा, ८० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे. पुढच्या ॲम्पचं निम्मं ओझं तिथंच उतरतं.

त्यामुळे रिसीव्हर घेताना एकच बघा, मागे फ्रंट प्री-आउट आहे का. स्वस्त मॉडेलांत बहुधा फक्त सबवूफरचंच भोक असतं. दुकानदाराला विचारू नका, पाठीमागचा फोटो बघा.

जाता जाता. मृगाच्या तोंडावर वीज कडाडली की माझ्याकडे रिसीव्हर येतात. डिशच्या केबलमधून वीज घुसते आणि एचडीएमआयचा बोर्ड जातो. तो बोर्ड मिळणं म्हणजे सहा महिने कंपनीच्या फोनची वाट. साधं ॲम्प मी दोन दिवसांत उठवून उभं करतो. म्हणून म्हणतो, विकू नका.

माळवद (अंबाजोगाई)

सोल्डरवाले काका बोलले त्यात मी काय भर घालू. पण शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती? हॉलच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवा. टर्रर्र करत आवाज भिंतींमध्ये धावला तर लाखाचं ॲम्प पण कर्कशच वाटणार. आमच्या जुन्या माळवदाच्या घरात हे कधीच नव्हतं, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आवाज पिऊन टाकायच्या. स्लॅबच्या घरात आल्यावर मी आजीच्या दोन जाड वाकळा स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर टांगल्या आणि मधे सतरंजी टाकली. पाहुणे विचारतात वाळत घातल्यात का.

मोंढ्यातला (परभणी)

दीड महिन्याने लिहायलो, माफ करा. तूर निघाली होती.

रिसीव्हर पुण्याहून वर्षभर वापरलेला आणला, ७.२ चा (सात स्पीकर, दोन सबवूफर), प्री-आउटवाला, ५८ हजारांत. काकांच्या सांगण्याप्रमाणे डबी इथल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून करून घेतली. सुपारीच्या डब्यात केलीय.

जोडल्याबरोबर घूंऽऽ असा आवाज. खुंटी शून्यावर असली तरी तोच. काकांना फोन केला, ते म्हणाले डिशची केबल उपट. उपटली, घूं गेला! पुन्हा लावली, पुन्हा आला. इलेक्ट्रिशियनने मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये १४ व्होल्ट. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत, आठ वर्षांत कुणी पाणी घातलं नव्हतं. मीठ-कोळसा भरून चार घागरी ओतल्या, दुसऱ्या दिवशी ३ व्होल्ट. आता घूं ऐकायला स्पीकरला कान लावावा लागतो. ढग दिसले की डिशची केबल तशीही काढून ठेवतो.

दुसरी अडचण व्होल्टेजची. शेतातल्या मोटारी चालू असल्या की १७५, बंद झाल्या की २५५. स्टॅबिलायझर घेतला, हाय कटवाला. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, त्यावर ॲम्पचा ट्रान्सफॉर्मरच गुरगुरतो, म्हणून लाइट गेली की गाणं बंद.

वाकळेवरून घरात भांडण झालं. शेवटी बायकोने स्वतःची लग्नातली काढून दिली, तीच टांगलीय.

अण्णांनी पहिल्या दिवशी टॉगल वर होता तसाच ठेवून गाणं लावलं, काहीच वाजेना. मला साडेपाचला उठवलं. आता टॉगलच्या खालच्या बाजूला लेकीच्या नेलपॉलिशने लाल ठिपका दिलाय.

सोल्डरवाला (लातूर)

३ व्होल्ट चालतंय. उन्हाळाभर आठवड्याला दोन घागरी घालत जा. आणि त्या दोन पट्ट्या फेकल्या नाहीत ना? टेपने ॲम्पच्या पाठीलाच चिकटवून ठेवा.

मोंढ्यातला (परभणी)

अण्णांच्या चष्म्याच्या डबीत आहेत. मागितल्या तरी देत नाहीत.