आधुनिक साधने नसती तर आपला छंद उरला असता का?

तलावकाठी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी दर रविवारी सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठाने पक्षी पाहत हिंडतो. जानेवारीच्या पहिल्याच रविवारी वाकून छायाचित्र घेण्याच्या नादात माझा फोन पाण्यात पडला आणि नवा घेईपर्यंतचे तीन रविवार मला केवळ दुर्बीण व वही यांवर काढावे लागले. पहिल्या दिवशी जे ध्यानात आले ते सुखावह नव्हते. ज्या आवाजांची आपल्याला ओळख आहे असे मी समजत होतो, त्यांतले जेमतेम दहा-बारा माझ्या ओळखीचे निघाले; उरलेली ओळख मर्लिन या ॲपची होती. फोन आवाज ऐकून नाव दाखवतो, मी ते ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावरील यादीत चढवतो आणि पक्षी न पाहताच पुढे जातो, असे किती वेळा झाले असेल याचा हिशेब आता मांडवत नाही.

तिसऱ्या रविवारी एका बाभळीखाली मी अर्धा तास थांबलो. चिमणीहून लहान, मातकट रंगाचा एक पक्षी खालच्या फांदीवरून झेपावून किडे टिपत होता, परत बसला की शेपटी वर उचलत होता, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते, आणि सायकलचे पायडल उलटे फिरवल्यावर येतो तसा बारीक ‘ट्रर्र’ आवाज तो काढत होता. नाव मला अजून ठाऊक नाही. त्या सकाळचा पहिला तास कंटाळवाणा गेला हे खरे, पण गेल्या वर्षभरातला इतका स्वच्छ आठवणारा पक्षी दुसरा नाही.

फोन, इंटरनेट, डिजिटल कॅमेरा यांपैकी काहीच नसते तर आपापल्या छंदात आपल्याला गोडी वाटली असती का? ‘जुने ते सोने’ एवढेच उत्तर कृपया देऊ नये. स्वतःच्या छंदाविषयी लिहावे.

कुंभारकावळा

मी 1984 पासून पक्षी पाहतो, म्हणजे माझी पहिली वीस-पंचवीस वर्षे आपल्या त्या तीन रविवारांसारखीच गेली. तेव्हा आवाज ओळखण्याची सोय आपल्या भाषेतच होती. ‘पेरते व्हा’ असे पावशा सांगतो हे ज्याने लहानपणी आजीकडून ऐकले, त्याला पावशा ओळखायला यंत्र लागत नाही. टिटवी स्वतःचेच नाव ओरडते, तांबट भांडी ठोकतो, सातभाई नेहमी घोळक्याने कलकलाट करतात. (भांडी ठोकणारा तांबट कारागीर आजच्या मुलांनी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे ते नाव त्यांना काही सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.)

मात्र ही सोय ओळखीच्या पाखरांपुरतीच. हिवाळ्यात येणाऱ्या बारीकसारीक वटवट्यांना रोजच्या बोलीत वेगवेगळी नावे नाहीत, आणि सालिम अली यांचे 1941 साली प्रथम निघालेले पुस्तक जवळ असले तरी छापील पानातून आवाज ऐकू येत नाही. तेथे जाणकार माणूसच लागे. मला असे एक गृहस्थ भेटले म्हणून माझा छंद टिकला. ते तापट होते, चुकीचे नाव सांगितले की चारचौघांत पाणउतारा करीत, आणि ते गावाला गेले की आमचे पक्षिनिरीक्षण जवळजवळ बंद पडे. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांना ते मानवले नाही. त्यांनी दुर्बिणी विकून टाकल्या. आज त्या दोघांच्या हाती ॲप असते तर ते अजूनही पक्षी पाहत असते, असे मला वाटते.

गच्चीवरून

माझा छंद आकाशदर्शन. या छंदाला नागपुरात फोनने नव्हे, कूलरने धक्का दिला असे माझे मत आहे. उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर संध्याकाळी बादलीने पाणी मारायचे, अंथरुणे घालायची आणि झोप लागेपर्यंत वर पाहत पडायचे, हा आमच्या घरचा क्रम होता. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी, डोक्याच्या आसपास स्वाती, दक्षिणेला चित्रा आणि आग्नेयेकडून वर येणारा वृश्चिक, हे सारे वडिलांनी बोटाने दाखवले. वसिष्ठाशेजारची अरुंधती कोणाला दिसते, यावरून आम्हा भावंडांची भांडणे होत. 1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू संध्याकाळी वायव्येला नुसत्या डोळ्यांनी दिसत असे, आणि तेवढ्यासाठी शेजारच्या ज्या काकू कधी कोणाकडे जात नसत त्याही आमच्या गच्चीवर येत.

पुढे घरोघरी कूलर आले, माणसे खाली खोल्यांत झोपू लागली आणि रस्त्यांवरचे दिवे वाढत गेले. आता फोन आकाशाकडे धरला की ताऱ्याचे नाव अचूक येते, फक्त तारा दिसत नाही. त्यासाठी मला पन्नासेक किलोमीटरवर रामटेकजवळच्या खिंडसी तलावापर्यंत जावे लागते. तेव्हा तंत्रज्ञानाशिवाय माझा छंद उरला असता का, असे आपण विचारता, तर तो अधिक चांगला उरला असता. फक्त फोनबरोबर विजेचे दिवेही जायला हवेत, आणि ती मागणी मे महिन्यातल्या नागपुरात करण्याचे धैर्य माझ्यात नाही.

खर्ज

वरील दोन्ही उत्तरे वाचून मला थोडी अडचण वाटली, कारण माझे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. मी नोकरी सांभाळून शास्त्रीय गायन शिकते. खरा तानपुरा माझ्या गुरूंकडे आहे. त्याच्या जवारीतला, म्हणजे तारा आणि घोडी यांमधला, दोरा केसभर सरकला तरी नादात पडणारा फरक मला कळतो, आणि फोनमधला तानपुरा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. परंतु तो चार-साडेचार फुटांचा तानपुरा दोन खोल्यांच्या घरात ठेवायचा कोठे, हवा बदलली की उतरणाऱ्या तारा पुन्हा लावायला वेळ कोठून आणायचा, आणि मी गात असताना तो छेडायला कोणाला बसवायचे? पहाटे साडेपाचला माझ्या पट्टीचा, म्हणजे काळी चारचा, षड्ज फोनवर एका बोटाने सुरू करता येतो, म्हणूनच माझा रियाज होतो. ज्यांच्याकडे जागा, वेळ आणि माणसे होती त्यांना साधनांशिवाय छंद जोपासता आला. माझ्या आईलाही गाण्याची आवड होती, तिच्याकडे या तिन्हींपैकी काहीच नव्हते.

वजीर

बुद्धिबळाबाबत थोडक्यात सांगतो. माझे काका पोस्टकार्डावर एकेक खेळी पाठवून डाव खेळत आणि एक डाव संपायला कित्येक महिने लागत. मी रात्री झोपण्यापूर्वी फोनवर तीन-तीन मिनिटांचे पंधरा डाव खेळतो. काकांना त्यांचे डाव म्हातारपणीही पाठ होते. मला काल रात्रीचा एकही आठवत नाही. तरीही पोस्टकार्डाकडे परत जाणे मला जमणार नाही.

तलावकाठी

सर्वांचे आभार. ‘खर्ज’ यांचे म्हणणे मला अधिक पटले, कारण मला कोणी जाणकार भेटलाच नव्हता. ॲप नसते तर मी बहुधा दुसऱ्याच महिन्यात हा नाद सोडला असता.

कुंभारकावळा

आपण वर्णन केलेला पक्षी हिवाळी पाहुणा माशीमार आहे. उचललेली शेपटी, बुडाचे पांढरे डाग आणि तो ‘ट्रर्र’ यांवरून शंका उरत नाही. गळ्यावर नारिंगी डाग नसेल तर मादी किंवा लहान वयाचा पक्षी असावा. मात्र या माशीमारांच्या दोन जाती जवळजवळ जुळ्या आहेत, आणि शेपटीच्या मुळावरची पिसे काळीभोर आहेत की तपकिरी हे पाहावे लागते. पक्षी इतका चंचल असतो की माझ्या डोळ्यांना आता ते जमत नाही, म्हणून छायाचित्र हवे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी अंबाझरीला येऊ शकतो. कॅमेरा घेऊन यावा, आणि ती बाभूळ तलावाच्या नेमकी कोणत्या बाजूला आहे तेवढे कळवावे.