गुडघ्याच्या गोळीचा मूत्रपिंडाशी काय संबंध?

पळसफूल, गडचिरोली जिल्हा
आई मे महिन्यात पहाटे तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाते, भर दुपारी पुडे बांधत बसते आणि गुडघे दुखले की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी घेते. यंदा तिची लघवी फार कमी झाली, तेव्हा डॉक्टरांनी ती गोळी बंद करायला लावली. मी बी.एस्सी.ला आहे आणि ही औषधे प्रोस्टाग्लँडिन (पेशी जागच्या जागी बनवतात ते संदेश देणारे पदार्थ) तयार होऊ देत नाहीत एवढे मला ठाऊक आहे. पण ‘दुखते गुडघ्यात, मग बिघडले भलतीकडे कसे?’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

रसायन-शिक्षक, नागपूर
ताई, प्रश्न आईंनी नेमका विचारला आहे. पेशीच्या आवरणातील मेदातून ॲराकिडॉनिक आम्ल सुटे होते, कॉक्स हे एन्झाइम त्याचे पीजीएच-२ हे मधले प्रोस्टाग्लँडिन करते आणि त्यापासून प्रत्येक अवयव आपल्या गरजेचा पदार्थ घडवतो. सुजलेल्या गुडघ्यात पीजीई-२ हे प्रोस्टाग्लँडिन तयार होते व ते वेदनेच्या मज्जातंतूंना हळवे करते. प्लेटलेटमध्ये रक्त गोठण्यास मदत करणारे थ्रॉम्बॉक्सेन बनते. ॲस्पिरिनसारखी औषधे ही निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. गोळी मात्र रक्तातून सगळीकडे जाते. तिला गुडघा ओळखता येत नाही.

आता मूत्रपिंड. घामाने शरीरातले पाणी घटले की रक्तदाब टिकवण्यासाठी रक्तवाहिन्या आकसतात. अशा वेळी गाळणीकडे रक्त नेणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लँडिनच उघडी ठेवतात. पाटाला पाणी कमी असताना शेवटच्या वाफ्याचे तोंड कोणीतरी धरून ठेवावे, तसे. भरपूर पाणी प्यायलेल्या निरोगी माणसात या राखणीची फारशी गरज पडत नाही, म्हणून हिवाळ्यात तीच गोळी निभावून जाते.

औषध-दुकानदार, चंद्रपूर
‘जेवून घेतली की बाधत नाही’ हा समज आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतो. जठराच्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनच करतात आणि औषध तेथे रक्तावाटेही पोहोचते, त्यामुळे इंजेक्शन घेतले तरी अल्सरचा धोका उरतोच. कॉक्सचे दोन प्रकार आहेत आणि जठराचे रक्षण मुख्यतः कॉक्स-१ वर चालते; सेलेकॉक्सिब हे याच गटातले औषध मुख्यतः कॉक्स-२ ला रोखते म्हणून पोटाला सौम्य असते. मूत्रपिंडात मात्र कॉक्स-२ चेही काम चालते, तेव्हा तेथे सूट नाही. आईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे का?

पळसफूल
होय, टेल्मिसार्टन चालू आहे.

रसायन-शिक्षक, नागपूर
मग कोडे बरेचसे उलगडले. गाळणीतून बाहेर जाणारी वाहिनी अँजिओटेन्सिन हे शरीरातलेच संप्रेरक आवळून धरते, म्हणून आत दाब टिकतो. टेल्मिसार्टन ती सैल करते. डायक्लोफिनॅकने येणारी वाट अरुंद झाली, टेल्मिसार्टनने जाणारी वाट मोकळी झाली, त्यात अंगात पाणी कमी. गाळायला दाबच उरला नाही. रक्तदाबाची गोळी स्वतःहून थांबवू नका. दोन्ही पाकिटे डॉक्टरांना दाखवा, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या आणि गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का, हे त्यांनाच विचारा.