मदत हवी आहे: गावहोळीच्या राखणीच्या पाळ्या कशा लावता?

आमच्या गावच्या होळीची रचना ठरलेली आहे. मधात एरंडाची फांदी, भोवती वाळलेली बाभूळ, मग गोवऱ्या आणि चाकोल्यांच्या (शेणाच्या छोट्या, भोक पाडलेल्या गोवऱ्यांच्या) माळा. पऱ्हाट्या-तुराट्या (कपाशीची अन् तुरीची वाळलेली झाडं) थोड्याच, त्याही बुडाशी. वर रचल्या की एकदम भडका उठतो, ठिणग्या उडतात. फाल्गुनात कडब्याच्या गंज्या कोरड्याठाक, म्हणून वारा जिकडे वाहतो तिकडे गंजी नको अन् वर विजेची तार नको. पाण्याचे २ ड्रम, ओली पोती, वाळू जवळच असते.

अडचण माणसांची आहे. पेटवायला सारं गाव येतं, मध्यरात्रीनंतर कोणी थांबत नाही. खरा धोका तेव्हाच: वरून राख दिसते, आत गोवरी धुमसत राहते, पहाटेच्या वाऱ्यानं पुन्हा पेटते. पाणी ओतून विझवताही येत नाही, कारण सकाळी लेकरांच्या आंघोळीचं पाणी त्याच विस्तवावर तापतं.

३-३ तासांच्या पाळ्या, प्रत्येकीत दोघं, असा विचार आहे. तुमच्याकडे पाळी बदलताना राखणीचा प्रमुख स्वतः हजर असतो का? पिऊन आलेल्याला, उशिरा लाकडं टाकणाऱ्याला कोण अडवतं, पोलीस पाटील की स्वयंसेवक? दरवर्षी प्रमुख बदलणं बरं की जुन्यासोबत एक नवा जोडीला ठेवणं? कृपया तुमच्या गावची पद्धत सविस्तर लिहा.