मोबाइलवर चालीचे कच्चे ध्वनिमुद्रण करताना काय सांभाळावे?

काळी_दोन (फोंडा):
नमस्कार. गावच्या भजनी मंडळासाठी अभंगांना आणि जत्रेच्या नाटकातील काही पदांना चाली लावण्याचे काम माझ्याकडे असते. चाल सुचते ती बहुधा पणजीच्या बसमध्ये किंवा कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) पाणी लावताना. ती मी तिथेच मोबाइलवर गुणगुणून ठेवतो आणि घरी आल्यावर पेटीवर पुन्हा मुद्रित करतो. अडचण अशी, की महिन्याभराने ऐकताना मुखडा कळतो, परंतु सम (तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा) कोणत्या अक्षरावर धरली होती आणि अंतऱ्यातला निषाद (‘नी’ हा स्वर) कोमल होता की शुद्ध, हे उमगत नाही. शिवाय पेटीसोबत गायलेले शब्द दबून जातात, आणि घुमट (मातीचे तालवाद्य) वाजू लागले की गाणाऱ्याचा आवाज एकाएकी लहान होतो. यासाठी वेगळा माइक घ्यावा का?

पेटीवाला_म्हार्दोळ:
माइकचा खर्च तूर्त करू नये. आपली पहिली तक्रार मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा आवाजाच्या दर्जाशी काही संबंध नाही. बसमध्ये गुणगुणताना षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, आपल्या मनात असतो. फोनमध्ये तो उतरत नाही. यमन रागाच्या स्वरांत पंचमाला (‘प’) षड्ज मानले तर बिलावल राग ऐकू येतो आणि ऋषभाला (‘रे’) षड्ज मानले तर खमाज, म्हणजे नेमका आपला निषाद कोमल ठरतो. तेव्हा काहीही गाण्याआधी लांब षड्ज लावावा, आणि चाल संपल्यावर पुन्हा एकदा लावावा, कारण तंबोऱ्याशिवाय गाताना सूर हळूहळू चढतो किंवा उतरतो आणि दोन षड्ज ताडून पाहिले की तो किती सरकला ते लगेच समजते. पेटी जवळ असेल तर पट्टी, म्हणजे षड्ज पेटीच्या कोणत्या स्वरावर धरला ते, तोंडाने सांगून ठेवावी.

समेचेही तसेच. प्रत्येक मात्रेला टाळी दिली तर पुढे सगळ्या टाळ्या सारख्याच ऐकू येतात. म्हणून टाळी फक्त समेवर द्यावी आणि बाकीच्या मात्रा बोटांवर मोजाव्यात. मुखडा समेच्या आधीपासून उचलायचा असेल, जसा तो अभंगांत पुष्कळदा असतो, तर आधी ठेक्याचे एक रिकामे आवर्तन तोंडाने म्हणून मगच गायला सुरुवात करावी. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणायला असा कितीसा वेळ लागतो!

ध्वनिखोली_मडगाव:
उरलेल्या दोन अडचणी तांत्रिक आहेत. शब्द दबतात याचे कारण बहुधा असे, की आपण फोन पेटीवरच ठेवत असाल. मग सुरांबरोबर भात्याची धडधड लाकडातून थेट फोनमध्ये जाते आणि गळा मागे पडतो. फोन वेगळ्या स्टुलावर, घडी केलेल्या पंचावर, तोंडापासून दीड-दोन वितींवर ठेवावा आणि खालची कड, जिथे चार्जरच्या छिद्राशेजारी मुख्य माइक असतो, ती गाणाऱ्याकडे करावी.

घुमटाचे प्रकरण निराळे आहे. फोनची रचना मुळात बोलण्यासाठी असल्याने मोठा आवाज आला की तो संपूर्ण मुद्रणाची पातळी आपोआप खाली आणतो, आणि घुमटाच्या प्रत्येक थापेला गळ्याचाही बळी जातो. याच फोनमधील गोंगाट कमी करणारी सोय तंबोऱ्याच्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजून खरवडून टाकते. अँड्रॉइडच्या ७ व्या आवृत्तीपासून अशी प्रक्रिया न झालेला आवाज ॲपला मागता येतो. सगळेच फोन तो देत नाहीत, पण आपल्या रेकॉर्डर ॲपच्या सेटिंगमध्ये तसा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास घुमटवाल्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावे, हा उपाय कोणत्याही फोनवर चालतो. मातीच्या तोंडावर तळवा झाकून-उघडून काढलेला खर्ज मात्र फोनच्या स्पीकरवर शोधू नये, कारण तो स्पीकर तेवढे खालचे स्वर देऊच शकत नाही. इअरफोन लावून ऐकावे.

कच्च्या मुद्रणासाठी १२८ केबीपीएसची एम४ए फाइल पुरेशी आहे. ती मिनिटाला सुमारे १ एमबी जागा घेते, तर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची एकपदरी (मोनो) वेव्ह फाइल सुमारे ५ एमबी. मुद्रणाआधी एअरप्लेन मोड लावावा, नाहीतर नेमक्या अंतऱ्यात कोणाचा तरी फोन येतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी. व्हॉइस मेसेज आवाज बराच दाबतो.

जुना_टाळकरी:
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी केवळ फोनवर विसंबणे मला पटत नाही. त्याच रात्री मुखड्याच्या दोन ओळी भातखंडे स्वरलेखन पद्धतीने वहीत लिहिल्या, तर कोमल निषादाखाली आडवी रेघ पडते आणि शंकेला जागाच राहत नाही. फाइलला तारीख, ताल आणि पहिले शब्द असे नाव द्यावे. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ कोणी उघडून पाहत नाही. आणि कच्ची चाल मंडळाच्या ग्रुपवर मुळीच टाकू नये. मंडळी ती दोन दिवसांत पाठ करतात, आणि नंतर तुम्ही अंतरा कितीही सुधारला तरी एकादशीला पहिलाच गायला जातो.

काळी_दोन (फोंडा):
सर्वांचे आभार. ग्रुपवर टाकण्याची सवय मला आहेच. आणखी एक विचारतो: तंबोऱ्याचे ॲप त्याच फोनवर लावून गायले तर चालेल का?

ध्वनिखोली_मडगाव:
शक्यतो नको. काही फोनवर मुद्रण सुरू करताच ॲपचा आवाज बंद होतो, आणि चालू राहिला तरी स्पीकर माइकला इतका खेटून असतो, की तंबोरा गळ्यावर चढतो. घरातला दुसरा फोन हातभर अंतरावर ठेवून त्यावर तंबोरा लावावा. त्याच फोनला ब्लूटूथ इअरफोन जोडून तंबोरा ऐकण्याचा मोह टाळावा. पुष्कळदा मुद्रण इअरफोनच्याच माइकवरून होऊ लागते आणि गळा अगदी पोकळ येतो.