जेफ्लेक्समध्ये [:लेटर:] लिहिल्यास ‘किंमत’ हे नाव का तुटते?

प्रश्न

दुकानाच्या हिशेबासाठी मी सूत्रांची एक छोटी भाषा लिहीत असून तिचा स्कॅनर, म्हणजे मजकुराचे नावे, अंक असे तुकडे पाडणारा भाग, जेफ्लेक्स या जावा प्रोग्रामिंग भाषेसाठीच्या साधनाने तयार करतो. व्हेरिएबलची नावे मराठीत देता यावीत म्हणून ‘आधी एक [:लेटर:] (अक्षर), पुढे कितीही [:लेटर:] किंवा [:डिजिट:] (अंक)’ असा नियम लिहिला आणि युनिकोडचा पर्यायही चालू ठेवला. तरीही ‘दर’ अखंड येते, ‘किंमत’ मात्र क, ि, ं आणि मत अशी तुटते. सगळ्या मात्रांची यादी हाताने लिहावी लागेल का?

उत्तर १

यादीची गरज नाही. युनिकोडमध्ये ‘क’ अक्षरांच्या गटात येतो, तर वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे चिन्हांच्या वेगळ्या गटात येतात, आणि [:लेटर:] फक्त अक्षरांनाच जुळतो. ‘दर’मध्ये मात्राच नसल्याने तेथे हा दोष दिसला नाही. सुरुवातीला [:जेलेटर:] आणि पुढे [:जेलेटरडिजिट:] वापरावे. जावाच्या कॅरेक्टर वर्गात नावाचा आरंभ आणि नावाचा उर्वरित भाग तपासणाऱ्या दोन मेथड आहेत, त्यांवर हे गट बेतलेले आहेत. दुसरी मेथड मात्रा स्वीकारते, पहिली स्वीकारत नाही, त्यामुळे मात्रेने सुरू होणारे नाव आपोआप नाकारले जाते. हे गट स्कॅनर तयार होतानाच तक्त्यात उतरतात, म्हणून वेगाची चिंता नसावी.

उत्तर २

वरील उपाय योग्य आहे, पण हिशेबाच्या भाषेत एक अडचण येईल. जावा चलनचिन्हांनाही नावात स्थान देते. त्यामुळे ₹ साठी आपण स्वतंत्र नियम लिहिला असला, तरी सर्वांत लांब जुळणी जिंकत असल्याने ‘₹५०’ हे सबंध एक नाव ठरेल. दोन्ही गटांतून ₹ वजा करावा: [[:जेलेटर:]--[₹]], आणि दुसऱ्यासाठीही तसेच.

प्रश्नकर्ता

दोन्ही बदल केले, ‘किंमत’ आता अखंड येते. परंतु ‘कैऱ्या’ हे नाव दोन संगणकांवर टाइप केल्यास दोन वेगळी व्हेरिएबल तयार होतात, याचे कारण काय असावे?

उत्तर १

एका कीबोर्डवर ते नुक्त्याच्या ऱ ने, तर दुसऱ्यावर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिले जात असावे. [:जेलेटरडिजिट:] ते अदृश्य चिन्हही स्वीकारतो, म्हणून चूक दिसत नाही. ते चिन्ह सरसकट गाळू नये, कारण मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होईल. नाव सिंबॉल टेबलात, म्हणजे व्हेरिएबलच्या नावांची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात, टाकण्यापूर्वी त्या त्रयीच्या जागी ऱ आणि हलन्त घालावे.