मदत हवी आहे: वडावरची वटवाघळं, खाली गोठा

वाळवा तालुक्यात ओढ्याकाठच्या वडावर मोठ्या, फळं खाणाऱ्या वटवाघळांची वस्ती आहे. फांद्या थेट गोठ्यावर येतात. खाली ४ म्हशी, ११ शेळ्या. सगळी ठणठणीत, मेलेलं वटवाघूळही कधी सापडलेलं नाही.

आता शेजारीच वराहपालनाचं शेड होतंय, खरी काळजी त्याची. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह (वटवाघळांतून पसरणारा जीवघेणा विषाणू) डुकरांमार्फतच माणसांत आला. तिथे शेडलगत फळझाडं होती, वटवाघळांची उष्टी फळं आत पडायची. इकडे महाबळेश्वरच्या गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा मिळाल्या आहेत. ती जात वेगळी, पण अंतर फार नाही.

गव्हाणीवर पत्रा टाकलाय, हौदाला झाकण केलंय. उष्टे चिकू हातमोजे घालून उचलतो आणि चुना टाकून खोल पुरतो. झाड तोडणं, फटाके लावणं नको: ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहसारख्याच विषाणूच्या बाबतीत उपासमारीच्या काळात वटवाघळं जास्त विषाणू बाहेर टाकतात असं दिसलंय, आणि हुसकावली तर ती दुसऱ्याच्या गोठ्यावर जाऊन बसणार. गोठा हलवायला जागा नाही.

अडलंय ते इथे. मूत-विष्ठा पडलेला कडब्याचा वरचा थर किती दिवस कडक उन्हात पसरल्यावर शेळ्यांना घालता येईल, की सरळ जाळावा? गव्हाण धुवायला हायपोक्लोराइट (ब्लीचसारखं जंतुनाशक) किती टक्के, किती मिनिटं ठेवायचं? आणि डुकरांचं शेड फांद्यांच्या टोकापासून किमान किती फूट लांब हवं?